पाणी कुठून येते ते आधी विचारा : फिनिक्समधील पाणपक्ष्यांच्या ठिकाणांचे परीक्षण

गेले सलग तीन हिवाळे मी ॲरिझोनातील चँडलर येथे लेकीकडे राहते आहे. चँडलर, गिल्बर्ट आणि टेंपी या फिनिक्सला लागून असलेल्या शहरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि थंडी सुरू झाली की त्यांच्याकडे भारतातून आई-वडील येतात. ग्रँड कॅन्यन पाहून झाले, मंदिर झाले, मॉल झाले, की पुढचे दोन-तीन महिने कसे काढायचे हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. पक्षी पाहण्याची थोडीफार आवड असेल, तर त्याचे उत्तर इथे जवळजवळ फुकट मिळते, कारण वाळवंटात वसलेल्या या शहरात नोव्हेंबर ते मार्च या काळात पाणपक्षी जितक्या सहजपणे आणि जितक्या जवळून दिसतात, तितके मला पुण्याजवळच्या कवडीपाटावरही नेहमी दिसलेले नाहीत. लेकीच्या ओळखीतले लोक मला वारंवार विचारतात की नेमके कुठे जावे. त्यांच्यासाठी हे लेखन आहे. माझी नोकरी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यात गेली, त्यामुळे कुठेही तळे दिसले की त्यात पाणी कुठून येते आणि पुढे कुठे जाते हे मला आधी विचारावेसे वाटते, पक्षी त्यानंतर दिसतात. ही खोड या परीक्षणातही आहे, आणि फिनिक्सपुरती तरी ती उपयोगी ठरली आहे.

विमान स्काय हार्बर विमानतळावर उतरते तेव्हा खिडकीतून धावपट्टीच्या दक्षिणेला गोटे आणि वाळू यांचा एक रुंद पट्टा दिसतो. तीच सॉल्ट नदी. शहरात वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु नदीचा उगम पूर्वेकडच्या उंच डोंगरांत असल्यामुळे तिथल्या बर्फाचे आणि पावसाचे पाणी एके काळी या पात्रातून वाहत असे. त्या पाण्यावर प्राचीन होहोकम लोकांनी शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे खोदून शेती केली, आणि त्यांचा वारसा सांगणारे इथले अकिमेल ओओडम लोक आजही स्वतःला ‘नदीचे लोक’ म्हणवतात. 1908 साली ग्रॅनाइट रीफ हा वळवणीचा बंधारा पूर्ण झाला आणि 1911 साली वरच्या अंगाला रूझवेल्ट धरण उभे राहिले. तेव्हापासून सॉल्ट आणि तिला मिळणारी व्हर्डे या दोन्ही नद्यांचे पाणी बंधाऱ्यापाशी उत्तर आणि दक्षिण अशा दोन कालव्यांत वळते आणि खालच्या पात्रात एरवी काहीच उरत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला जात होता. तिथे पाणी अडले, गाळ साठला आणि पक्ष्यांना घर मिळाले, पुढे 2020 साली त्या जागेला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हा दर्जाही मिळाला. इथे पाणी अडले आणि खालचे घर गेले. बंधारा तोच, पण पक्ष्यांनी त्याच्या कोणत्या बाजूला राहावे हे दोन्हीकडे वेगळे ठरले.

नदी मेली असे मात्र म्हणता येत नाही. धरणे भरली की पाणी सोडावेच लागते. 1980 च्या फेब्रुवारीत आलेल्या पुरात शहराचे दोनच पूल वाहतुकीला खुले राहिले होते, आणि 2023 च्या वसंतात व्हर्डेवरील धरणांतून सोडलेले पाणी शहरातून वाहताना पाहायला लोक पुलांवर येत होते. परंतु पुरावर बदकांचा हिवाळा निघत नाही. त्यांना रोज पाणी लागते, तेही उथळ, आणि ते पाणी आज कोणी तरी नळ उघडल्याशिवाय मिळत नाही. म्हणून फिनिक्समधले नदीकाठचे अधिवास मी निसर्ग म्हणून न तपासता नागरी सेवा म्हणून तपासते. ही सेवा दोघांसाठी असते, पक्ष्यांसाठी आणि माणसांसाठी, आणि दोघांना ती सारखी मिळते असे नाही.

सुरुवात रिओ सलाडोपासून करावी. सॉल्ट नदीचेच हे स्पॅनिश नाव. 19 व्या ॲव्हेन्यूपासून 28 व्या स्ट्रीटपर्यंतचा सुमारे 8 किलोमीटर लांबीचा आणि 595 एकरांचा पात्राचा भाग फिनिक्स शहराने अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलासोबत नव्याने लावून काढला आणि 2005 सालच्या नोव्हेंबरमध्ये तो लोकांसाठी खुला झाला. ‘लावून काढला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. आधी इथे खडी उपसण्याच्या खाणी आणि कचऱ्याचे ढीग होते. ते हटवून कॉटनवुड, वाळुंजाच्या जातीची झाडे आणि मेस्किट लावले गेले. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, जी आपल्याकडे गायराने गिळते आणि इथे घरची लेक म्हणून मान मिळवते. काठावर सेंट्रल ॲव्हेन्यूपाशी 2009 मध्ये ऑड्युबॉन या पक्षिसंवर्धन संस्थेचे केंद्र उघडले, जे शहराच्या मध्यवर्ती भागापासून जेमतेम 3 किलोमीटरवर आहे. प्रवेश विनामूल्य आहे, पायवाटा सपाट आहेत, प्रसाधनगृह आहे, आणि केंद्राशेजारच्या छोट्या तळ्यापाशी बसून पाय न दमवता सकाळ घालवता येते. 2025 च्या जूनपासून लाइट रेल ही शहरांतर्गत रेल्वेही याच सेंट्रल ॲव्हेन्यूवरून नदी ओलांडते, त्यामुळे गाडी न चालवणाऱ्या आजी-आजोबांनाही इथपर्यंत येण्याचा मार्ग झाला आहे. या शहरात ही गोष्ट लहान नव्हे.

पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र रिओ सलाडोला माझे गुण थोडे हातचे राखून आहेत. इथली तळी आणि छोटे प्रवाह विहिरींतून उपसलेल्या भूजलावर चालतात. पाणी स्वच्छ असते, पण मोजून मिळते, आणि मोजून मिळणाऱ्या पाण्याची तळीही मोजकीच असतात. त्यांच्या काठाने पाणकणीस दाट माजल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पक्ष्याचा आवाज येतो आणि पक्षी दिसत नाही. जे दिसते ते मात्र फार सुंदर असते. हिरवा बगळा फांदीवर इतका निश्चल बसतो की त्याच्याकडे बोट दाखवूनही माझ्या नातवाला तो तीन मिनिटे दिसला नव्हता. रातबगळे झाडीत पेंगत असतात, आणि ही तीच जात आहे जी आपल्याकडे नदीकाठच्या मोठ्या झाडांवर संध्याकाळी ‘क्वाक’ करून उठते. आपल्या राखी बगळ्याचा मोठा भाऊ शोभेल असा ग्रेट ब्लू हेरॉन पाण्यात उभा असतो आणि वर कधी कैकर घिरट्या घालतो. वारकरी पक्षी म्हणाल तर जिथे पाणी तिथे तो. कपाळावर पांढरा टिळा, काळेभोर अंग आणि सतत आपसांत चाललेली कुरकुर, अमेरिकी जात वेगळी असली तरी स्वभाव तोच. पहिल्यांदा येणाऱ्याने आणि मुलांना घेऊन येणाऱ्याने इथेच यावे, कारण एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला कोरडे गोटे आणि मागे शहराच्या उंच इमारती, असे या नदीचे सगळे प्रकरण एका नजरेत समजते. बदकांचे मोठे थवे पाहायची अपेक्षा मात्र ठेवू नये.

ती अपेक्षा पश्चिमेला पुरी होते. सॉल्ट नदी जिथे हीला नदीला मिळते आणि जवळच आग्वा फ्रियाही येऊन पोहोचते, त्या परिसराला ‘त्रेस रिओस’ म्हणजे तीन नद्या असे नाव आहे. तिन्ही नद्यांचे स्वतःचे पाणी केव्हाच वर अडवलेले आहे, हा त्या नावातला विनोद आहे. तरीही इथे बारमाही ओल आहे, कारण शेजारी 91 व्या ॲव्हेन्यूचे मलजल शुद्धीकरण केंद्र आहे. फिनिक्स, ग्लेंडेल, मेसा, स्कॉट्सडेल आणि टेंपी या पाच शहरांच्या मालकीच्या या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रक्रिया केलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा सुमारे 60 किलोमीटर लांबीच्या नळाने पालो व्हर्डे अणुवीज केंद्राला थंडाव्यासाठी जातो, काही शेतीला जातो आणि काही या पाणथळींतून फिरून नदीत उतरतो. एकच सांडपाणी अणुभट्टीला आणि बदकांना वाटून दिले जाते, अशी व्यवस्था मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत कागदावरसुद्धा पाहिली नव्हती. 1995 मध्ये लहान प्रमाणावर प्रयोग म्हणून सुरुवात झाली, नंतर मोठी तळी बांधली गेली.

आमच्या खात्यातल्या कोणालाही इथले गणित लगेच कळेल. शुद्ध केलेल्या मलजलात नत्र आणि स्फुरद थोडे का होईना उरतेच. ते उथळ, उन्हात तापणाऱ्या तळ्यात सोडले की शेवाळ वाढते, शेवाळावर चिलटांच्या आणि माश्यांच्या अळ्या वाढतात, आणि लव्हाळे व पाणकणीस उरलेले नत्र शोषत राहतात. शुद्धीकरणाची ही शेवटची पायरी आहे आणि त्या पायरीवर बदके जेवायला बसतात. गेल्या जानेवारीत एका सकाळी मी इथे एकाच तळ्यावर दोनशेच्या पुढे थापटे ही बदके मोजली आणि मग मोजणे सोडून दिले. थापट्या हे या सगळ्या व्यवस्थेचे प्रशस्तिपत्रक समजावे. त्याच्या चमच्यासारख्या रुंद चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, आणि त्या झालरीतून तो पाणी गाळून बारीक जीव खातो. दहा-वीस जण एकामागे एक लागून गोल गोल पोहतात, त्यामुळे तळाचे अन्न वर येते आणि प्रत्येकाला पुढच्याच्या मागे उठलेले ताट मिळते. पंगतीचा असा चक्राकार प्रकार आपल्याकडे नाही, पण पक्षी तोच आहे. कवडीपाटावर मुळा-मुठेच्या काळ्या पाण्यात हिवाळ्यात जो थापट्या येतो तो सैबेरियाकडून येतो, इथला अलास्का-कॅनडाकडून येतो, जात मात्र एकच. दोन्ही ठिकाणी तो शहराच्या सांडपाण्यावर जगतो. फरक एवढाच की इथे पाणी शुद्ध होऊन त्याच्यापर्यंत येते, तर कवडीपाटाला शहर बरेचसे पाणी तसेच पाठवते आणि वर पक्षी पाहायला रविवारी मोठ्या लेन्स घेऊन जाते.

थापट्यांखेरीज तलवार बदके, चक्रांगाची अमेरिकी भावंडे आणि नराचे अंग तांबड्या मातीच्या रंगाचे असलेले दालचिनी बदक इथे असते. शेकाट्यासारखाच लांब लाल पायांचा, पण मानेवर काळी पट्टी असलेला स्टिल्ट काठाच्या चिखलात चालतो. निओट्रॉपिक जातीचा पाणकावळा पूर्वी या राज्यात क्वचितच दिसे, आता तो डझनांनी वाळलेल्या झाडांवर पंख पसरून बसतो. पाणकोंबडीच्या हाका येत राहतात. 2011 पर्यंत पुस्तकांत ही आपलीच पाणकोंबडी होती, नंतर आवाज आणि कपाळावरच्या कवचाच्या फरकावरून पक्षिशास्त्रज्ञांनी तिची जात वेगळी केली. याच परिसरातील गच्च पाणकणसांत रिजवेज रेल या कोंबडीएवढ्या, लाजऱ्या आणि संकटग्रस्त पक्ष्याची युमा ही उपजातही राहते, पण ती दिसेल या आशेने कोणी गाडी काढू नये. बीव्हरने कुरतडलेली खोडे मात्र हमखास दिसतात.

माणसांसाठी इथली सेवा उघडच दुय्यम आहे, आणि मला ते पटते. मी गेले तेव्हा आधी शहराकडे अर्ज करून विनामूल्य परवाना घ्यावा लागला होता. बांधावरून लांबवर चालावे लागते, सावली फारशी नाही, पाणी विकत घेण्याची सोय नाही, आणि वारा फिरला तर शुद्धीकरण केंद्राचा मंद वास येतो. माझ्या विहीणबाईंनी पदर नाकाला लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. मला तो वास नोकरीच्या आठवणीचा वाटला, पण हा निकष सर्वांना लावता येणार नाही. गुडघे दुखत असतील तर येऊ नये. चालता येत असेल आणि दुर्बीण असेल, तर फिनिक्समध्ये पाणपक्ष्यांसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आमच्या घरापासून जवळ पडते ते गिल्बर्टचे वॉटर रँच. ते नदीवर नाही, म्हणून त्याबद्दल थोडक्यात लिहिते, पण मराठी मंडळी सर्वांत जास्त इथेच दिसतात. 1999 पासून चालू असलेल्या 110 एकरांच्या या जागेत सात तळी आहेत. गावाचे प्रक्रिया केलेले पाणी आळीपाळीने त्यांत सोडतात, ते जमिनीत मुरून भूजलात जाते, आणि एक तळे आटत असताना दुसरे भरत असते. या आळीपाळीमुळेच दर आठवड्याला कुठे तरी नेमका घोट्याएवढ्या पाण्याचा चिखल तयार असतो आणि उचाटे, स्टिल्ट, चिखले तिथे गोळा होतात. त्यामुळे मागच्या रविवारी भरलेले तळे आज कोरडे दिसले म्हणून चिडू नये, शेजारचे पाहावे. बाजूलाच सार्वजनिक ग्रंथालय आहे. चालण्याच्या सोयीला पाचपैकी पाच. पण शनिवारी-रविवारी छायाचित्रकारांची, बाबागाड्यांची आणि साखरपुड्याचे फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते की पक्षी माणसांना सरावले आहेत की माणसे पक्ष्यांना, हे सांगता येत नाही.

टेंपीचे टाऊन लेक हे नदीच्या पात्रातच 1999 साली भरलेले जवळपास 3 किलोमीटर लांबीचे तळे. पूर्वी ते रबरी फुगीर बंधाऱ्यांनी अडवलेले होते. 2010 च्या जुलैत त्यांतला एक फुटला आणि तळे एका रात्रीत रिकामे झाले, आता पश्चिमेच्या टोकाला पोलादी दरवाजे आहेत. संध्याकाळी फिरायला जागा छान आहे. पक्ष्यांच्या कामाची ती कमी आहे, कारण पाणी खोल आणि काठ बांधीव. बुडी मारणारे टिकतात, चालणारे टिकत नाहीत. पाणकावळे, वारकरी आणि टिबुकलीची चुलत बहीण शोभणारा पाइड-बिल्ड ग्रीब एवढ्यांवर समाधान मानावे लागते. गंमत अशी की खालच्या बंधाऱ्याच्या पलीकडे, जिथे झिरपलेले पाणी गोट्यांत साचते आणि कोणी काही बांधलेले नाही, तिथे बगळे जास्त असतात.

ही शेवटची गोष्ट मला पुढे नेमकी समजली. फिनिक्सच्या पात्रात रस्त्यांचे पावसाळी पाणी वाहून आणणारी मोठी गटारे ठिकठिकाणी उघडतात. पाऊस वर्षातले थोडेच दिवस असला तरी बागांना दिलेले जादा पाणी आणि गळती त्यांतून झिरपत राहते, आणि त्यांच्या तोंडाशी आपोआप पाणकणसांची बेटे तयार झाली आहेत. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी अशा जागांना अपघाताने झालेल्या पाणथळी असे नाव दिले आहे. त्यांना ना फलक आहे ना वाहनतळ, आणि उन्हाळ्यात शहरातले बेघर लोकही गारव्यासाठी त्यांच्या काठाला येतात. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस तापमान 43 अंशांच्या वर गेले होते हे लक्षात घेतले, तर त्या सावलीची किंमत कळते. या जागांचे परीक्षण करण्याचा मला अधिकार नाही आणि तिथे कोणी दुर्बीण घेऊन जावे असेही मी सुचवणार नाही. पण रस्त्याच्या पुलावरून जाताना गटाराच्या तोंडाशी पांढरा ठिपका दिसला, तर तो बहुधा बगळा असतो.

एक सावधगिरीची सूचना. पहिल्या वर्षी आम्ही एका खासगी सहल कंपनीची अर्ध्या दिवसाची सशुल्क पक्षिनिरीक्षण फेरी घेतली होती. मार्गदर्शक जाणकार होता, परंतु त्याच्याजवळ दुर्मीळ पक्ष्यांची यादी होती आणि त्या यादीच्या मागे आम्ही निम्मा वेळ महामार्गावर काढला. एका जागी तासभर शांत बसू द्या, ही आमची विनंती त्याला बहुधा आळसाची वाटली. वरील सर्व जागा विनामूल्य आहेत आणि वाट सापडायला अवघड नाहीत. तेव्हा ते पैसे चांगल्या दुर्बिणीला लावावेत. आठ पट मोठे दाखवणारी पुरेशी होते, दहा पटीची वयस्कर हातांत थरथरते.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून थापट्यांचे थवे पातळ होऊ लागतात आणि मार्चअखेर तळी निम्मी रिकामी होतात. त्यामुळे त्रेस रिओसला जायचे असेल तर पाहुण्यांचे विमान उतरण्याआधीच परवान्याची चौकशी करून ठेवावी, सकाळी 7 च्या सुमारास बांधावर पोहोचावे, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने पश्चिमेकडे चालावे, आणि विहीणबाई सोबत असतील तर त्यांना रिओ सलाडोच्या तळ्यापाशी बसवावे.